सोडा म्हणजे कुठे सोडा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मुक्या प्राण्यांविषयी काहीतरी हृद्य लिहा." मी सात वर्षं दापोडीतल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. मांजर मुकं नसतं, हे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. पिंजऱ्यात अडकलेला बोका एकदा ऐका, आपल्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय हे भाषा न येताही कळतं. मुकी असतात ती माणसं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षभरात दोनाची अकरा मांजरं होतात तोवर ती गप्प बसतात आणि बारावं दिसलं की त्यांना वाचा फुटते. तेव्हा हृद्य वगैरे काही मिळणार नाही. एका चुकीविषयी लिहिते. चूक माझी आहे. ती माझ्या पदरात घातली एका निवृत्त क्वालिटी सुपरवायझरनं, म्हणून ती आठवली की अजून चिडचिड होते.

आधी काम सांगते. रस्त्यावरचं मांजर हातानं पकडता येत नाही. जे सांगतात की येतं, त्यांच्या हाताला टाके घालताना मी पाहिलेत. आम्ही लांबट पिंजरा लावतो, आत टोकाला मूठभर सुकट ठेवतो. मांजर आत गेलं आणि त्याचा पाय आतल्या पत्र्यावर पडला की मागचं दार पडतं. लगेच वरून जाड चादर टाकायची, अंधार झाला की ते शांत होतं. मग दवाखान्यात आमच्या डॉक्टर शेख मॅडम ऑपरेशन करतात, म्हणजे नसबंदी. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापतात. यावरून मला दर महिन्याला कुणीतरी कसाई म्हणतं. अहो, तो कापलेला कान म्हणजे त्या मांजराचं प्रमाणपत्र आहे. लांबून दिसतं की हिचं झालंय, हिला पुन्हा पकडून पुन्हा पोट फाडू नका. चिखलीतल्या एका बाईंनी तर माझ्यावर करणी करत असल्याचा आळ घेतला होता. करणी करायला वेळ कुणाला आहे? इथे सकाळचा चहा दुपारी पिते मी.

पिल्लांना घर शोधणं हाही कामाचाच भाग. त्यावर बोलले तर अंक पुरायचा नाही. "पांढरंच पाहिजे, सोफा क्रीम आहे." "दोघंही कंपनीत जातो, बारा तास घर बंद असतं, तसं चालणारं आहे का?" चालणारं म्हणजे काय, घड्याळ आहे का ते? हिंजवडीच्या एका साहेबांनी महिनाभर वापरून बघायला मागितलं. मुलाच्या वाढदिवसाला पाहुण्यांना एकेक पिल्लू वाटायचं म्हणून आठ पिल्लांची ऑर्डर द्यायला आलेल्या आईला मी दाराबाहेर काढलं, आणि डॉक्टरांनी मला आत बोलावून आवाज कमी ठेवायला सांगितलं. कुदळवाडीतल्या एका टायरवाल्यानं मात्र एका डोळ्याचा काळा बोका न विचारता उचलून नेला. "ताई, अपने को भी एक ही टाइम की रोटी पूरी मिलती है, जम जाएगा," म्हणाला. तो बोका अजून त्याच्या दुकानात टायरांच्या चळतीवर बसतो. असं माणूस वर्षात एखादं भेटतं.

आता पत्रकाकडे येते. पत्रकं लिहायला मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात शिकले. पाण्याची लाइन, रेशनचं दुकान, रुळांकडेचा कचरा, कॉलेजात असताना कशावरही पत्रक काढायचे. तिथला नियम असा, की एका पानाच्या वर जायचं नाही, विशेषणं गाळायची, क्रियापदं ठेवायची. तीन क्रियापदांच्या घोषणेवर तर आमच्या घरातल्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे मांजरांचं पत्रक लिहायला घेतलं तेव्हा पहिला खर्डा मला लंगडा वाटला. त्यात होतं, 'मांजर पकडा, तिची नसबंदी करून घ्या आणि जिथून पकडली तिथेच परत आणून सोडा.' हे काय वाक्य आहे? हे भिंतीवर कोण वाचणार? मी कात्री चालवली. छापून आलं ते असं:

पकडा. नसबंदी करा. सोडा.

डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, "एवढ्यावरून समजेल का लोकांना?" मी म्हटलं, "मॅडम, शेंबड्या पोरालाही समजेल."

शेंबड्या पोराचं माहीत नाही. देशमाने काकांना वेगळंच समजलं.

देशमाने काका मोशीतल्या एका सोसायटीचे चेअरमन. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत छत्तीस वर्षं क्वालिटीला होते. खिशात अजून पेन दोन, एक निळं, एक लाल. सोसायटीत मांजरं वाढली म्हणून लोकांनी त्यांच्या मागे टुमणं लावलं, तेव्हा माझं पत्रक त्यांच्या हाती लागलं. मला खरं तर आनंद झाला होता. पिंजरा घ्यायला माणूस स्वतः आला, सुकटीचा वास नाक न मुरडता सहन केला, पिंजऱ्याचं दार तीनदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाला, "स्प्रिंग ढिली आहे, मी करून देतो." करूनही दिली. दुसऱ्या दिवशी मंगळवारी सकाळी त्यांनी तपकिरी पट्ट्यांची एक मांजरी आणून हजर केली.

ऑपरेशनला पोटावरचे केस काढले तेव्हा डॉक्टर मॅडम थांबल्या. "हिला दूध आहे. कुठेतरी पिल्लं असणार, पंधरा दिवसांची वगैरे. आजच संध्याकाळी हिला जागेवर पोचवायला सांग, ठेवून घ्यायची नाही." एरवी आम्ही एक दिवस ठेवतो. पाजणारी असेल तर ठेवत नाही, कारण एवढीशी पिल्लं आईवाचून फार तग धरत नाहीत.

मी काकांना फोन केला. माझ्या दुसऱ्या हातात एक लॅब्रॅडोर होता, त्याला इंजेक्शन दिसलं होतं आणि तो अख्ख्या दापोडीला ते सांगत होता. काकांनी काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. मी ओरडून म्हटलं, "काका, दूध आहे तिला! आजच सोडा, उशीर करू नका!"

"ठीक आहे मॅडम, नोट केलं," काका म्हणाले.

साडेचारला ते मांजरी घेऊन गेले. तेव्हाही मी आत पट्टी बांधत होते. बाहेर येऊन दोन मिनिटं बोलले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बुधवारी सकाळी सोसायटीत झाडलोट करणाऱ्या सुमनमावशींचा फोन. लातूरकडच्या. माझा नंबर त्यांनी गेटवरच्या पत्रकावरून घेतला होता. "ताई, मीटरच्या खोलीमागं लेकरं ओरडायलेत बघा. रातच्यापासनं. माय दिसंना कुठं."

मी गेले. मीटर रूममागे वाढदिवसाचा जुना फ्लेक्स गुंडाळून टाकला होता, त्याच्या सुरळीत तीन पिल्लं. पोटं आत गेलेली. त्यातलं एक ओरडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं. मी चेअरमनसाहेबांच्या दाराची बेल बोटाखालून सोडलीच नाही.

"काका, मांजरी कुठे सोडलीत?"

"चाकणला," काका म्हणाले. शांतपणे. वर मोबाइल काढून फोटो दाखवला. एका गोडाऊनच्या मागची मोकळी जागा, लाकडी पॅलेटांच्या थप्प्या, कोपऱ्यात पिंजऱ्यातून उडी मारणारी पट्टेरी शेपूट. "माझ्या जुन्या कंपनीच्या बाजूला. जागा बघून सोडली, मॅडम. कॅन्टीन जवळ आहे, उंदीर भरपूर. आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी दूध पाजलं."

"मी कधी सांगितलं दूध पाजा?"

"मी विचारलं, पथ्य काय? तुम्ही म्हणालात, दूध आहे तिला."

मी तिथे पायरीवरच बसले. मग उठले आणि जे बोलायला सुरुवात केली ते सगळं इथे छापता येणार नाही. पंधरा किलोमीटरवर, अनोळखी जागी, पोटाला टाके असताना सोडलेलं मांजर शिकार करत नाही, ते कुठेतरी खाली घुसतं आणि भुकेनं मरतं नाहीतर ट्रकखाली जातं. इथे तिची तीन पिल्लं तडफडताहेत. आणि एवढं करून उपयोग काय? ही गेली की हिच्या जागी भिंतीपलीकडून दुसरी येणार, न कापलेल्या कानाची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सोडा म्हणजे तिथेच सोडा, काका! हे सांगायला लागतं का?

"हो," काका म्हणाले. "लागतं."

काका आत गेले, प्लास्टिकच्या फोल्डरमधून माझं पत्रक घेऊन आले. तिन्ही क्रियापदांपुढे निळ्या पेनानं तीन बरोबरच्या खुणा. "यात कुठं लिहिलंय तिथेच? दाखवा. मॅडम, ड्रॉइंगवर माप टाकलेलं नसेल आणि पार्ट रिजेक्ट झाला, तर दोष ऑपरेटरचा नसतो. ड्रॉइंग काढणाऱ्याचा असतो. आमच्याकडं असं ड्रॉइंग मशीनवर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

"मग पाठवायचं होतं ना परत!"

काकांनी पत्रक फोल्डरमध्ये परत ठेवलं. मग म्हणाले, "तेही खरं. ते माझं चुकलं. थांबा, गाडी काढतो."

मला भांडायचं होतं आणि हा माणूस चावी शोधत होता. याच्याइतका संताप कशानं येत नाही.

पिल्लं मी आधी दवाखान्यात नेली. गायीचं दूध पाजू नका, ही विनवणी मी या निमित्तानं समस्त महाराष्ट्राला करते. त्यानं जुलाब होतात आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवून दर तीन तासांनी थोडी थोडी द्यायची. पाजण्याआधी पिल्लू गरम करायचं, बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. पाजून झालं की ओल्या कापसानं मागून पुसायचं, नाहीतर ती शी-शू करत नाहीत. हे सगळं आई जिभेनं करते. डॉक्टर मॅडम आणि मी मिळून चार हात असूनही आम्हाला ते तिच्याइतकं जमत नव्हतं.

चाकणच्या गोडाऊनवरचा वॉचमन तिथल्याच गावचा, वय झालेला, सगळे त्याला आबा म्हणतात. मी विचारायच्या आत त्यानंच विचारलं, "ती कानतुटकी तुमची व्हय?"

"दिसली?"

"काल सांजच्याला दिसली. त्या पॅलेटांच्या खाली शिरली, ती काय भाईर येईना. आमी भाकरी टाकली, शिवली न्हाई."

"आबा, ते पॅलेट कुणी हलवू नका, पाया पडते."

"आता ते काय माझ्या हातात हाय व्हय? रोज फोर्कलिफ येतीय. शनवारी समदा माल जायाचाय."

म्हणजे शुक्रवारपर्यंतची मुदत. आम्ही पिंजरा लावला, सुकट ठेवली. बुधवारभर काही नाही. आवाज दिला, वाटी वाजवली, काही नाही. काकांनी पॅलेटांच्या थप्प्या मोजल्या, प्रत्येकीला खडूनं नंबर टाकला आणि गुडघ्यावर बसून टॉर्चनं एकेक तपासायला लागले. पासष्टीचा माणूस. "काका, असं केलं तर ती आणखी आत जाईल," मी ओरडले. "मग पद्धत सांगा," ते म्हणाले. "या वेळी नीट सांगा." मी दात-ओठ खाल्ले आणि नीट सांगितली. लांब बसायचं, पाठ करून बसायचं, बोलायचं नाही. ते दुपारभर पाठ करून बसले. येणारेजाणारे कामगार विचारायचे, "काय राव, साहेब रुसले काय?"

गुरुवारी दुपारी ते न ओरडणारं पिल्लू गेलं. माझ्या तळहातावरच. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणलं तेव्हाच ते संपत आलं होतं." त्या चांगल्या आहेत, म्हणून तसं म्हणाल्या. ते काही पहिलं नव्हतं. या कामात पिल्लं जातात, महिन्याला जातात, आणि दर वेळी रडत बसले तर उरलेल्यांना कोण पाजणार? पण माझ्या दोन शब्दांपायी गेलेलं हे पहिलंच. 'तिथेच परत' हे ते दोन शब्द मी स्वतःच्या हातानं खोडले होते, वाक्य ठसकेबाज व्हावं म्हणून. काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "उरलेली दोन?"

"पिताहेत. पण आई लवकर मिळायला हवी. तिचं दूध आटत असणार."

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही पुन्हा चाकणला. पहिली पाळी लागायच्या आधी तिथे जरा शांत असतं. आदल्या दिवशी मी त्या दोन पिल्लांचा भुकेला आवाज मोबाइलवर घेऊन ठेवला होता. पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला मोबाइल ठेवला, वर चादर टाकली, आवाज लावला आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. पिंजऱ्यातून पिल्लं ओरडायला लागली. पाच मिनिटं. दहा. आणि मग त्याच मोबाइलवर माझ्या मावशीचा सुप्रभात आला, टुणकन आवाज करून. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्यांच्या कंपनीतले पोरगे छत्तीस वर्षं काय सोसत होते ते मला कळलं.

पण सहा नंबरच्या थप्पीखालून एक डोकं बाहेर आलं. कापलेला डावा कान. पोट जमिनीला टेकवून, थांबत थांबत ती आली. सुकटीकडे तिनं बघितलंही नाही. सरळ आवाजाकडे गेली आणि दार पडलं. काकांनी दुरुस्त केलेली स्प्रिंग होती, अजिबात कुरकुरली नाही.

"गावली!" आबा गेटवरून ओरडला. "आता पळा, ट्राफिक लागंल."

लागलंच. चाकणच्या चौकात पाऊण तास. मागच्या सीटवर ती चादरीखालून गुरगुरत होती आणि पुढे काका सिग्नल नीट कसे लावले पाहिजेत ते मला समजावत होते. डॉक्टर मॅडमनी टाके तपासले, ठीक होते. दुधाचं विचारलं तर म्हणाल्या, "थोडं आहे. पिल्लांनी ओढलं तर येईल. तिनं पिल्लांना घेतलं तर." आमच्या हाताचा, पावडरीचा, औषधाचा वास लागलेली पिल्लं. घेईल का, कुणी सांगावं.

दहाच्या सुमारास मीटर रूममागे, त्याच फ्लेक्सच्या सुरळीत आम्ही पिल्लं ठेवली आणि चार हातांवर पिंजरा उघडला. ती बाणासारखी सुटली. पिल्लांकडे ढुंकूनही न बघता कंपाउंडच्या भिंतीवर आणि तिथून दिसेनाशी.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता सगळ्यांनी इथून निघायचं. पोरं नाहीत, मोबाइल नाहीत, फोटो नाहीत. सुमनमावशी फक्त लांबून बघतील."

काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर दुपारी एकपर्यंत त्या बाजूला न फिरकण्याचा हुकूम काढला. लगेच कुणीतरी विचारलं, मेंटेनन्स यासाठी भरतो का आम्ही? हेच गृहस्थ मांजरं हलवा म्हणून सगळ्यात जास्त ओरडत होते.

साडेबाराला मावशींचा फोन. "ताई, लेकरं न्हाईत तिथं. मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात."

"आई आली होती का?"

"ते मला काय ठाव? मी बघितलंच न्हाई की."

आईनं मानेला धरून हलवली असतील. मांजरं तसं करतात, जागेला वास लागला की पिल्लं दुसरीकडे नेतात. किंवा मागच्या गल्लीतल्या बोक्यानं. किंवा कुत्र्यांनी. काका सीसीटीव्ही बघायला धावले, कॅमेरा गाड्यांकडे तोंड करून होता. कारण सोसायटीला गाड्यांची काळजी. आम्ही भिंतीच्या कडेनं शोधलं, गटाराच्या झाकणांना कान लावले. काही नाही. संध्याकाळी काका गेटपर्यंत सोडायला आले. लाल पेनानं त्यांनी माझ्या पत्रकात 'सोडा'च्या आधी काहीतरी घालून ठेवलं होतं. मी ते न बघता पिशवीत कोंबलं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

शनिवारी सकाळी दात घासत होते तेव्हा अनोळखी नंबर वाजला. आवाज चढलेला.

"तुम्हीच का त्या मांजरांच्या बाई? मी शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय. भिंतीपलीकडून एक मांजर आमच्याकडे घुसली आहे. एक कान कापलेला. माझ्या स्कूटरच्या कव्हरखाली तिनं पिल्लं आणून ठेवली आहेत. हा काय प्रकार आहे?"

मी तोंडातला फेस थुंकला. "किती?"

"काय किती?"

"पिल्लं किती आहेत? नीट मोजा."

"अहो, मी तक्रार करतोय!"

"करा हो, जरूर करा. लेखी द्या. पण आधी मोजा."

पलीकडे कव्हर सरकवल्याचा आवाज आला, मग जोरात फिस्स, मग सेक्रेटरी दोन पावलं मागे गेल्याचा आवाज.

"दोन आहेत," तो म्हणाला. "आणि मला बोचकारलं. दोन्ही पीत आहेत तिला. आता बोला."